केळवे ते बोर्डी किनाऱ्याने चालत, लोकलने जाऊन-येऊन: बेत आखायला मदत हवी

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

किनारा चालायचा म्हटलं की सगळे अलिबाग, मुरुड, नाहीतर थेट वेंगुर्ल्याचं नाव काढतात. तिकडे स्वतःची गाडी हवी नाहीतर रात्रीची एसटी. कोकण रेल्वे आहे, पण ती आतून डोंगरातून जाते. स्टेशनवर उतरून समुद्र दिसेपर्यंत अर्धा दिवस गेलेला असतो.

म्हणून या वेळी उत्तरेकडे बघतोय. विरारच्या पुढे पश्चिम रेल्वे किनाऱ्याला बऱ्यापैकी समांतर धावते. सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड, घोलवड. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाते. मग असं का नाही करायचं: केळव्याला समुद्रावर उतरायचं, उजवीकडे वळायचं, समुद्र डाव्या हाताला ठेवायचा आणि बोर्डी येईपर्यंत चालायचं?

नकाशावर बोटाने मोजलं तर साठ-सत्तर किलोमीटर भरतं. आम्ही तिघं आहोत: मी, बायको आणि मेव्हणा. रोज पंधरा-अठरा किलोमीटर चालायची सवय आहे. तंबू नको, रात्री घरगुती मुक्काम चालेल. मासे खातो. पोहता फक्त मेव्हण्याला येतं.

प्रश्न असे: सलग चालता येतं का? खाड्या कुठे आडव्या येतात? कुठला महिना? आणि तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राचं काय करायचं?

---

मेमूप्रवासी

पहिल्या प्रश्नाआधी रेल्वेचं सांगतो, कारण इथेच बहुतेकांचा बेत फसतो. विरारपर्यंत दर पाच-दहा मिनिटांनी गाडी, त्या सवयीने विरारच्या पुढे जाऊ नका. डहाणू लोकल मोजक्या आहेत. एक चुकली तर पुढचीला तासभर, कधी त्याहून जास्त. काही चर्चगेटहून थेट, बाकीच्या विरारहून सुटतात. घोलवडला लोकल जातच नाही, तिथे मेमू (कमी पल्ल्याची विजेवरची गाडी) आणि पॅसेंजर. त्या दिवसाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. वेळापत्रक निघायच्या आदल्या रात्री बघा, कारण चौपदरीकरणाच्या कामासाठी रविवारी ब्लॉक असतो.

दुसरं, 'समांतर' म्हणजे 'जवळ' नव्हे. स्टेशनवरून समुद्रावर चालत जाता येईल अशी या पट्ट्यात दोनच ठिकाणं, डहाणू रोड आणि घोलवड. केळवे रोडला उतरलात की केळवे गाव सहा-सात किलोमीटर आत आहे. पालघर ते सातपाटी, बोईसर ते चिंचणी यांचंही तेच, किंबहुना थोडं जास्तच. शेअर रिक्षा मिळते, भरली की सुटते. त्यामुळे दिवसाच्या हिशेबात दोन्ही टोकांना पाऊण-पाऊण तास धरा.

---

सातपाटीचा

दादा, बेत चांगला आहे, पण चुकीच्या वेळापत्रकावरून आखताय. गाडी चुकली तर पुढची मिळते. ओहोटी चुकली तर सहा तास बसून राहा.

आमच्याकडे जुनी मंडळी घड्याळ बघत नाहीत, तिथी बघतात. तिथीची पाऊणपट करायची, येईल तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमा-अमावास्येला हिशेबाने सव्वाअकरा येतात, आम्ही बारा धरून चालतो. सकाळचीही तीच वेळ, संध्याकाळचीही. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. रोज पाऊण तास पुढे सरकते. डहाणूकडे मुंबईपेक्षा थोडी उशिरा.

आता याचा तुम्हाला उपयोग काय? पौर्णिमेला, म्हणजे उधाणाला, भर दुपारी पाणी किनाऱ्याला लागलेलं. बरेच ठिकाणी वाळूच उरत नाही, सुरूच्या झाडांतून नाहीतर बंधाऱ्यावरून चालावं लागतं. अष्टमीला मात्र सकाळी सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. नऊला वाळूवर उतरलात की तीनपर्यंत ओली घट्ट वाळू पायाखाली. शिवाय तेव्हा भांग असते, पाणी फार आतही येत नाही, फार बाहेरही जात नाही. चालणाऱ्याला भांगेचे दिवस.

जानेवारीत अष्टमी-नवमीला जोडून शनिवार-रविवार कधी येतो ते कालनिर्णयात बघा. महिना तोच बरा. हवा थंड, समुद्र शांत.

---

एकरेघ

मी याच्या उलट सांगेन. उधाणाला पहाटे सहाच्या आसपास पूर्ण ओहोटी असते. साडेपाचला निघा, नऊपर्यंत दहा-बारा किलोमीटर सरळ रेघेत. एवढी रुंद, सपाट वाळू भांगेला दिसतच नाही. ऊन नाही, माणसं नाहीत. उरलेला दिवस गावात लोळत काढा, संध्याकाळच्या ओहोटीला परत दोन तास चाला.

आणि माझं ठाम मत आहे की सलग चालायचं. मध्ये रिक्षा केली, बस पकडली की ते चालणं राहत नाही, सहल होते.

---

सातपाटीचा

@एकरेघ, उधाणाला पाणी जितकं लांब जातं तितकंच जोरात परत येतं. आमचा किनारा उतरता नाही, पसरट आहे. मधे खोलगट पट्टे असतात, पाणी आधी त्यात शिरतं. तुम्ही समुद्राकडे बघत वाळूच्या उंचवट्यावर उभे, आणि मागे किनाऱ्याकडच्या बाजूला कमरेएवढं पाणी भरलेलं. पोहता न येणाऱ्या दोघांना घेऊन अंधारात उधाणाच्या ओहोटीला बाहेरच्या वाळूवर चाला, असा सल्ला मी कुणाला देणार नाही.

सलग चालण्याबद्दल म्हणाल, तर आमच्या सातपाटीची खाडी काय सांगते ते तिला विचारा. पलीकडे मुरबे दिसतं. हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतं. होडी मिळाली तर दहा मिनिटं, नाही मिळाली तर पालघरवरून वळसा. ओहोटीला खाडी अरुंद दिसते म्हणून चालत उतरणारे नवखे असतात. खाली रेती नाही, गाळ आहे. मांडीपर्यंत रुतलं की दोघांनी ओढावं लागतं.

---

ससेक्सची सून

गंमत वाटली, कारण इथे इंग्लंडात अगदी हेच आहे. सीफर्डला ट्रेनने उतरायचं, सेव्हन सिस्टर्सच्या खडूच्या कड्यांवरून चालत ईस्टबोर्नला ट्रेन पकडायची, बावीसेक किलोमीटर. दोन्ही स्टेशनं गावात. खुणेच्या पाट्या, पायवाटेचा कायदा, सगळं जागच्या जागी. तरीही वाटेत ककमेअर नदी समुद्राला मिळते तिथे मुखाशी ओलांडता येत नाही. सगळे मुकाट्याने आत एक्सीटच्या पुलापर्यंत जातात आणि दुसऱ्या काठाने परत समुद्रावर येतात. 'सलग' म्हणवणारेसुद्धा. त्याला इथे कुणी सहल म्हणत नाही, @एकरेघ. :)

माझं माहेर वसईचं, त्यामुळे धागा जिभेला पाणी सोडत वाचतेय. पुढे लिहा.

---

केळवेकर

मूळ प्रश्नाकडे येतो. माझ्या मते तुमच्या बेताचे तीन तुकडे करा आणि त्यातला मधला लहान ठेवा.

पहिला तुकडा केळवे ते सातपाटी. शीतलादेवीच्या देवळापाशी रिक्षा सोडते. तिथून सुरूच्या बनात शिरलात की वाळूत अर्धा बुडालेला केळव्याचा भुईकोट लागतो. लहान आहे, पण बुरुजांची रचना बघण्यासारखी. दक्षिणेला खाडीच्या तोंडाशी जो पाणकोट दिसतो, त्याच्याकडे ओहोटीला लोक चालत जातात. तो तुमच्या उलट दिशेला आहे. आदल्या संध्याकाळी केळव्यात मुक्काम असेल तरच त्याच्या नादी लागा, आणि गावातला माणूस बरोबर घ्या.

केळव्याहून माहीमकडे निघालात की वाळू संपते आणि खाडी येते. इथे रस्त्याने आत वळायचं. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, कारण ही वाट वाड्यांमधून जाते. नारळ, पोफळी, केळी आणि पानवेली. केळवे-माहीमचं विड्याचं पान एके काळी आगगाडीने पार उत्तर हिंदुस्थानात जायचं. पानमळे आता कमी झालेत, पण आहेत. माहीमचा किल्ला बाजाराजवळच आहे, दहा मिनिटांत बघून होतो. पुढे वडराईच्या बाजूने पुन्हा समुद्र, ताडांची रांग, मग शिरगाव.

शिरगावचा किल्ला मात्र घाईत उरकू नका. या पट्ट्यातला सगळ्यात धडधाकट किल्ला तोच. तटावरून फिरता येतं आणि तिथे अनेक फांद्या फुटलेला ताडासारखा एक माड आहे, त्याला रावणमाड म्हणतात. केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर हे सगळे पोर्तुगीजांकडून १७३९ च्या सुरुवातीला चिमाजी अप्पांच्या मोहिमेत एकापाठोपाठ घेतले गेले. मे महिन्यात वसई पडली, त्याआधीची ही तयारी. तारापूरच्या लढाईत बाजी भीवराव रेठरेकर पडले. किल्ल्यांमधली ही अंतरं पायी चालल्यावर त्या मोहिमेचा वेग कळतो, पुस्तकात कळत नाही.

शिरगाव ते सातपाटी जवळ आहे. सगळे वळसे धरून पंधरा-सोळा किलोमीटर होतील. सातपाटीहून रिक्षाने पालघर, तिथून लोकल.

---

मेमूप्रवासी

पालघर स्टेशनबाहेर पडलात तर हुतात्मा स्तंभावर नावं वाचा. १४ ऑगस्ट १९४२ ला इथे गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यांत सातपाटीचे काशिनाथ पागधरे, नांदगावचे गोविंद ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र चुरी. म्हणजे तुमच्या वाटेवरचीच गावं. त्या दिवशी ही मंडळी किनाऱ्यावरून पालघरला चालतच आली होती, हे कुणी सांगत नाही.

---

चिंचणीची लेक

मधल्या तुकड्याबद्दल मी लिहिते, माझं बालपण तिथलं.

मुरबे, नांदगाव, आलेवाडी, नवापूर हा पट्टा नकाशावर सलग दिसतो. प्रत्यक्षात दर थोड्या अंतराने खाडी किंवा खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी दलदल. नवापूरच्या बाजूला औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी समुद्रात जातं, वास येतो. किनारा वाईट नाही, पण पहिल्यांदा येणाऱ्याने तिथून सुरुवात केली तर पुन्हा येणार नाही.

त्यानंतर अणुऊर्जा केंद्र. त्याच्या जवळचा किनारा बंद आहे, पूर्ण बंद. 'वाळूवरून गुपचूप' हा विचार मनात आणू नका. औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा असतो, आणि तुमच्याकडे कॅमेरा असेल तर दिवस पोलीस चौकीत जाईल. १९६९ मध्ये इथली पहिली दोन युनिटं सुरू झाली, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. पुढे तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठवली. माझ्या आत्याचं सासर पोफरणचं. आता ते नाव वसाहतीच्या पाटीवर आहे. म्हणून कुणी 'इथे फक्त वळसा आहे' म्हणालं की मला जरा लागतं. त्या वळशाच्या आत दोन गावं होती.

तुम्ही बोईसरला उतरा, रिक्षाने तारापूर गाठा, किल्ला बाहेरून बघा, पुलावरून चिंचणीत या. चिंचणीचा किनारा रुंद आहे, सुरूचं बन आहे, रविवारी गर्दी असते. तिथून उत्तरेला वरोर आणि वाढवण. इथे वाळू जाऊन खडक सुरू होतो. ओहोटीला काळ्या कातळाचे सपाट पट्टे उघडे पडतात. त्यावर कालवं चिकटलेली, धार ब्लेडसारखी. अनवाणी अजिबात नको आणि साध्या चपलाही नकोत, मागे पट्टा असलेली सँडल हवी. शेवाळावर पाय सरकतो. बायका विळा आणि टोपली घेऊन कालवं काढताना दिसतील, त्या कुठून पाय टाकतात तसे टाका.

या गावांत घरोघरी सोनारांचे डाय बनवायचा धंदा आहे. दागिन्यांची नक्षी ज्या लोखंडी ठशांवर उठते ते ठसे. पडवीत बसून डोळ्याला भिंग लावून माणूस कोरत असतो. विचारलंत तर दाखवतात.

---

एकरेघ

वाढवण म्हणजे बंदर होणार तेच ना? मग हा तुकडा आत्ताच चालून घेतला पाहिजे.

---

चिंचणीची लेक

तेच. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरात भूमिपूजन झालं. ७६,२२० कोटींचा प्रकल्प आहे, समुद्रात भराव घालून. मच्छीमार आणि डायवाले, दोघांचा विरोध कित्येक वर्षांचा. गावात याबद्दल बोलणं निघेल. ऐका, पण आपली मतं देऊ नका. पर्यटक म्हणून आलेला माणूस 'विकास तर हवाच' किंवा 'फार वाईट झालं हो' यातलं काहीही म्हणाला तरी ते रुचत नाही. आणि किनाऱ्यावर ड्रोन तर मुळीच उडवू नका, सर्वेक्षणवाले समजून लोक जमतात.

चिंचणी ते वाढवण आठ-नऊ किलोमीटर धरा. परत यायला वाणगाव स्टेशनकडे जाणारी रिक्षा किंवा बस.

---

अर्धा कप चहा

मी बाईमाणूस म्हणून एक प्रश्न विचारते, इतका वेळ कुणीच काढला नाही. शौचालयाचं काय?

---

चिंचणीची लेक

बरं झालं विचारलंस. केळवे, चिंचणी, डहाणू, बोर्डी इथे किनाऱ्यालगत खाणावळी आणि रिसॉर्ट आहेत. चहा-नाश्ता घेतला की विचारता येतं, कुणी नाही म्हणत नाही. मधल्या गावांत घरी विचारायचं. 'ताई, जरा बाथरूम वापरू का' म्हटलं की घरात घेतात, वर पाणीही देतात. स्टेशनवरचं शक्यतो टाळ.

आणि सकाळी लवकर गावाजवळच्या वाळूवरून जाताना खाली बघत चाला. यापेक्षा जास्त सभ्य शब्दांत मला सांगता येणार नाही. हेही एक कारण की मी @सातपाटीचा यांच्या नऊ वाजताच्या बाजूने आहे.

---

सातपाटीचा

:D बरोबर.

अजून थोडं, आमच्या बाजूने. वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले दिसतील. फोटो काढा, पण बाई काम करत असेल तर आधी विचारा. जमिनीवर पसरलेली जाळी ओलांडू नका, बाजूने जा. वाळूवर सुकट पसरलेली असते ती दुरून कचऱ्यासारखी दिसते, तिच्यावरून चालत गेलेले लोक आम्ही पाहिलेत. धक्क्यावर होड्या लागतात तेव्हा लिलाव चालू असतो, मधे उभं राहू नका. सरंगा, म्हणजे तुमचं पापलेट, २०२३ मध्ये राज्याचा मासा झाला. मान मिळाला, पण हल्ली जाळ्यात हाताएवढा सरंगा सापडला तरी लोक फोटो काढतात. लहान पिल्लं स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नका, एवढीच विनंती.

---

घोलवडची वाडी

शेवटच्या तुकड्यासाठी थांबलो होतो. डहाणू ते बोर्डी! मला विचाराल तर ज्याच्याकडे एकच दिवस आहे त्याने बाकी सगळं सोडून हेच चालावं.

डहाणू रोडला उतरा. स्टेशनजवळ इराण्याकडे ब्रून मस्का-चहा. पश्चिमेला चालत सुटलात की पारनाका आणि समोर समुद्र. पारनाक्याजवळ वनखात्याच्या आवारात जखमी समुद्री कासवांवर उपचार होतात. वाटेत किनाऱ्याला लागलेलं कासव दिसलं तर त्याला परत पाण्यात ढकलू नका. ते थकलेलं किंवा जखमी असतं, बुडून मरतं. सावलीत ठेवा, ओलं फडकं टाका आणि वनखात्याच्या १९२६ वर फोन करा.

पुढे नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी. किनाऱ्याने पंधरा-सतरा किलोमीटर. मधे लहान ओढे-नाले समुद्राला मिळतात, ओहोटीला घोटा-पोटरीभर पाण्यातून पार होतात. त्यातल्या एखाद्यात गाळ वाटला तर हट्ट न करता रस्त्यावर या. डहाणू-बोर्डी रस्ता जवळजवळ सगळीकडे समुद्राला चिकटून आहे. म्हणूनच हा तुकडा सुरक्षित. पाय दुखले की उजवीकडे पाच मिनिटं चाललं की रिक्षा.

वाळू डावीकडे आणि चिकूच्या वाड्या उजवीकडे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वाड्या इराणी-पारशी मंडळींनी वाढवल्या, तोडणी-निवड वारली माणसांच्या हातची. लोक विचारतात की मुंबईपासून इतक्या जवळ हा किनारा इमारतींनी भरला कसा नाही. कारण १९९१ ची अधिसूचना. केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून उद्योगांवर मर्यादा घातली. मग १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने प्राधिकरण आलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. आमच्यातले निम्मे वाडीवाले त्या नियमांवर कुरकुरायचे, मीसुद्धा. आता सत्तराव्या वर्षी बाकीच्या किनाऱ्यांकडे बघतो आणि गप्प बसतो.

बोर्डीला पोचून वेळ असेल तर गावात फिरा. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बालशिक्षणाचं काम इथेच सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आज देशभर 'अंगणवाडी' म्हणतात तिचं मूळ या दोन गावांत आहे.

चिकू बोर्डीत घ्या, डहाणूपासून वाहत आणू नका. आणि झाडावरचा कच्चा तोडून खाल्लात तर ओठ चिकटतील, आम्ही हसू.

---

पाऊलवाट

काय लिहिलंत सगळ्यांनी! बायकोने धागा वाचला आणि म्हणाली, 'तू फक्त नकाशा बघत होतास.'

@घोलवडची वाडी काका, बोर्डीच्या पुढे किनाऱ्याने उंबरगाव, संजाण? गुजरात लागतं, पण दिशा तीच.

---

घोलवडची वाडी

झाईपर्यंत जा, तिथे राज्य संपतं. माणसं बदलत नाहीत. उंबरगाव १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं, राज्यं वेगळी झाली तेव्हा गुजरातेत गेलं. बाजारात अजून मराठी चालतं. 'रामायण' मालिका तिथल्या स्टुडिओत झाली म्हणून लोक बघायला जातात. संजाणला पारशांच्या आगमनाचा स्तंभ आहे, १९२० चा. त्यांचा पवित्र अग्नी काही वर्षं आमच्या मागच्या बाहारोटच्या डोंगरातल्या गुहांत लपवून ठेवला होता, आज तो उदवाड्याला आहे. बाहारोट, संजाण, उदवाडा असा वेगळा प्रवास होतो. तो किनाऱ्याच्या चालण्यात कोंबू नका. शिवाय उंबरगाव रोड स्टेशन गावापासून चांगलंच आत आहे.

---

एकरेघ

वाचून वाचून माझा सूर थोडा खाली आलाय, पण थोडाच. तुकडे करा, ठीक. निदान प्रत्येक तुकड्याच्या आत रिक्षा नको. माहीमची खाडीसुद्धा रस्त्याने चालतच वळसा घाला. आणि डहाणूची खाडी? वाढवणहून पुढे गुंगवाडा, तडियाळे, धाकटी डहाणू असं जाता येईल ना?

---

चिंचणीची लेक

धाकटी डहाणूपर्यंत जाल. पलीकडे थोरली डहाणू समोर दिसेल, मधे खाडी. मासेमारीच्या होड्यांची वर्दळ, कुणी सोडलं तर सोडलं. नाहीतर मागे येऊन चिंचणी-डहाणू रस्त्याच्या पुलावरून. वाढवणनंतर ते सगळं एका दिवसात जमवलंत तर अंधार पडेल, जानेवारीत सव्वासहाला सूर्य जातो. हौस असेल तर वेगळा दिवस काढा.

---

पाऊलवाट

तर असं ठरवतोय. चूक वाटल्यास लगेच सांगा.

शुक्रवारी संध्याकाळी केळव्यात मुक्काम. शनिवारी नऊला शीतलादेवीपासून सुरुवात, माहीमला आतून वळसा, शिरगावात किल्ल्यावर डबा, चारच्या आत सातपाटी. मग पालघरहून लोकलने डहाणू आणि तिथे मुक्काम. रविवारी डहाणूहून दहाच्या सुमारास निघून बोर्डी, संध्याकाळची मेमू घोलवडहून.

मधला चिंचणी-वाढवणचा तुकडा पंधरा दिवसांनी, पुढच्या अष्टमीला, एका दिवसात जाऊन-येऊन. तो डाव्या हाताचा म्हणून मागे टाकत नाही, @चिंचणीची लेक. तो सावकाश बघायचा आहे म्हणून.

पाणी माणशी दोन लिटर, टोप्या, मागे पट्ट्याच्या सँडल, मोबाइलला प्लास्टिकची पिशवी, सुटे पैसे. अजून काही?

---

मेमूप्रवासी

रविवारचं एक बदला. घोलवडच्या गाडीवर सगळा दिवस टांगू नका. ती चुकली किंवा रद्द झाली तर बोर्डीहून डहाणूपर्यंत रिक्षा-बस आहे, आणि डहाणू हे लोकलचं सुरुवातीचं स्टेशन, बसायला जागा मिळते. मी असतो तर सरळ तेच केलं असतं. शनिवारी मात्र पालघरहून उत्तरेची गाडी पकडताय. संध्याकाळी मुंबईहून घरी परतणाऱ्यांनी ती भरलेली असते. पाठीवरची पिशवी पुढे घ्या आणि ओल्या वाळूचे पाय आधी धुवा.

---

सातपाटीचा

शनिवारी तिथी बघून परत एकदा पाऊणपट करा. अष्टमी की नवमी ते महत्त्वाचं नाही, दशमीपर्यंत चालतं. दशमीला ओहोटी दीडला जाते, मग नऊऐवजी साडेदहाला निघा.

चारला धक्क्यावर पोचलात तर बर्फाच्या कारखान्याच्या बाजूला चहाची टपरी आहे, तिथे थांबा. मासे विकत घ्यायचे असतील तर शनिवारी नको, दुसऱ्या दिवशी बोर्डीला कुठे नाचवणार? पुढच्या वेळी थर्मोकोलचा डबा घेऊन या.

---

अर्धा कप चहा

रविवारच्या डहाणू-बोर्डीला मी आणि माझी अकरा वर्षांची मुलगी आलो तर चालेल का? तिला आठ-दहा किलोमीटर जमतात, पुढचं माहीत नाही.

---

घोलवडची वाडी

नरपड-चिखल्यापर्यंत आणा. दमली तर रस्ता बाजूलाच आहे, रिक्षाने घोलवडला पुढे या आणि बाकीच्यांची वाट बघा. स्टेशनच्या पश्चिमेला पाट्या घेऊन बसलेल्या बायकांकडे पिकलेले चिकू विचारा. आजचे हवेत की उद्याचे, ते सांगावं लागतं.

---

पाऊलवाट

नक्की या, अर्धा कप. डहाणू रोडला फलाटाच्या चर्चगेटकडच्या टोकाला पावणेदहाला भेटू. गाडीची नेमकी वेळ शुक्रवारी रात्री इथेच टाकतो.